काथोडचा ठिपका

काथोड म्हात्रे कापडाला हात लावायचा तेव्हा कापड घाबरायचं. मी पाहिलंय. टेबलावर तागा उलगडला की पहिले दोन वार जरा सळसळ करायचे. मग काथोडदादा कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा आणि अख्खा तागा परीक्षेच्या वर्गासारखा गप्प. शेजारी चाळीस लूम खडखडत असायचे, छताचे पत्रे नाचत असायचे, पण त्या टेबलाभोवती गाभाऱ्यातली शांतता.

तुम्ही म्हणाल, हा फेकतोय. फेकतो, मान्य आहे. भिवंडीत, कल्याण नाक्यावर माझा इंटरनेट कॅफे होता, त्यात चार कम्प्युटर होते आणि लोकांना मी दहा सांगायचो. चालू दोनच असायचे. त्यामुळे माझ्या गोष्टीतून लोक आपापल्या अंदाजानं वजावट करून घेतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण काथोडदादाच्या बाबतीत करू नका. त्याच्याविषयी जे जे अशक्य वाटेल ते खरं आहे, आणि जे साधं, पटण्यासारखं वाटेल तिथं मी काहीतरी लपवलंय असं समजा.

तो नारपोलीत एका गाळ्यात चेकर होता. लूमवरून उतरलेलं कोरं कापड टेबलावरून ओढत न्यायचं, काचेखाली ट्यूबलाइट, वरून ह्याची नजर. कुठं तार तुटली, कुठं गाठ, कुठं तेलाचा डाग. निर्दोष तो फ्रेश, चुकलेला तो सेकंड, उरलेली चिंधी. काथोडदादाच्या लेखी जगात एवढेच तीन प्रकार होते आणि ते कापडापुरते नव्हते. नारपोलीत फ्रेश माणूस एकच, म्हातारा पोस्टमन, तोही रिटायर झालेला. मी सेकंड. हे त्यानं मला पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं. वर समाधान केलं, "सेकंडबी खपतो रं कम्प्युटर, नाराज नको होऊ." माझं नाव त्यानं कधी विचारलं नाही. कम्प्युटर म्हणजे कम्प्युटर.

पास झालेल्या ताग्याच्या कोपऱ्यावर तो स्वतःची खूण करायचा. मार्किंगच्या काळ्या शाईनं चवलीच्या नाण्याएवढं वर्तुळ, आणि त्याच्या बरोब्बर मध्ये एक ठिपका. ही शाई धोब्याला जात नाही, ब्लीचला जात नाही. कापड फाटून पायपुसणं झालं तरी कोपऱ्यात ठिपका शिल्लक. बाजारात त्याला काथोडचा ठिपका म्हणत. तो दिसला की व्यापारी तागा उघडत नसत, नुसता मोजून घेत. एकदा घाईत ठिपका सरकला आणि वर्तुळाच्या रेषेला चिकटला. कापड एकदम निर्दोष. ह्यानं तो तागा उचलून सेकंडच्या थप्पीत टाकला. शेठ नाचला, "काथोडभाई, कपडा तो फ्रेश है ना?"

"कपडा फ्रेश हाय. पर ठिपका चुकला. ज्याचा ठिपका चुकला त्याची नजर त्या टायमाला कुठं होती, कोणाला म्हायती? माझ्या हातानं तो सेकंड."

शेठनं कपाळावर हात मारला. पण त्यानं ठिपक्यावर हात ठेवायची हिंमत केली नाही, कारण त्याचा निम्मा धंदा त्याच ठिपक्यावर चालायचा.

घरचा तो तसा दरिद्री नव्हे. खाडीच्या कडेला बापजाद्यांची जमीन होती. गोडाऊनवाले आले तेव्हा तिन्ही भाऊ मिळून विकायला बसले. सौदा ठरला, पेढे आले, आणि ह्यानं पेढा तोंडात ठेवता ठेवता गिऱ्हाइकाला सांगितलं, "त्या कोपऱ्यात मोठ्या भरतीला पानी चढतं हां. गुडघाभर. बाकी माल फ्रेश." गिऱ्हाईक पेढ्यासकट उठलं. नंतर भावांनी ह्याला वगळून दुसरं गिऱ्हाईक केलं. आज त्यांच्या दारात गाड्या उभ्या आहेत. ह्याच्या दारात सायकल होती आणि ताराबाईवहिनी. ही कथा वहिनी मला दर चहाला ऐकवायची आणि शेवटी म्हणायची, "पेढा तरी पुरा खायचा व्हता की न्हाय ह्यांनी?"

आता निंजाकडे येतो.

टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम तुम्हाला आठवत असेल. दोन रिमोट, एक डबा, आणि त्यात वरून खोचायची पंजाएवढी कॅसेट. कॅफे आले, कम्प्युटर आले, तसे लोक ते डबे भंगारात घालायला लागले. त्याच सुमाराला, पंचेचाळिशी उलटलेला हा गृहस्थ, कधी पत्ते खेळला नाही की गणपतीत नाचला नाही, तो भंगारवाल्या इस्माईलभाईकडून एक डबा आणि एक कॅसेट घेऊन आला. तिच्यात काळा निंजा होता. तोंडाला फडकं बांधलेला, काळ्या कपड्यातला एक माणूस. किल्ल्यातून धावतो, भिंतीवर चढतो, लोखंडी चांदण्या फेकतो. सात स्टेज.

मी विचारलं, ह्या वयात हे काय?

तर म्हणाला, "डोले मिटले का पांढरं कापड सरकतं रं. जेवताना सरकतं, झोपताना सरकतं. बायकोच्या तोंडावरनं सरकतं. बावीस वर्सं जाली. हा काल्या आला आन् पैल्यांदा ते थांबलं."

हे ऐकून मी हसलो होतो. पुढं बरेच दिवस रात्री कॅफेचं शटर ओढताना मला तेच वाक्य आठवायचं आणि हसू यायचं नाही.

पण चेकर तो चेकर. तो गेम खेळायचा कमी, तपासायचा जास्त. निंजाला एका भिंतीशी उभा करून तासन्‌तास भिंत बघायचा. एका शुक्रवारी, म्हणजे लूम बंद असतात त्या दिवशी, तो धापा टाकत कॅफेत आला. "कम्प्युटर, पत्र लिव. जपानला."

"काय झालं?"

"तिसऱ्या स्टेजला, पुलाच्या फुडच्या भिंतीत, खालनं चौथी वीट उलटी हाय. सगल्या विटांची सावली डावीकडं, हिची उजवीकडं. त्यांच्या चेकरनी सोडलेली हाय."

मी त्या कंपनीचा ईमेल शोधून काढला आणि त्यानं सांगितलं तसं, माझ्या फाटक्या इंग्रजीत पाठवून दिलं: आपल्या मालात एका ठिकाणी चूक आहे, बाकी माल उत्तम आहे, आपल्या चेकरला ओरडू नये, फक्त दाखवावं. सही, काथोड म्हात्रे, चेकर, नारपोली. तीन महिने तो दर शुक्रवारी येऊन विचारायचा, उत्तर आलं का. शेवटी मीच एक उत्तर बनवून त्याला वाचून दाखवलं: चूक मान्य, आभारी आहोत. त्यानं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "हे तू लिवलंस. पर चांगलं लिवलंस." माझ्या गोष्टीतली वजावट तो असा उभ्या उभ्या करायचा.

हळूहळू त्याच्याकडे कॅसेटी जमल्या. चाळीसेक असतील. मी तेव्हा लोकांना चारशे सांगायचो. गंमत म्हणजे सगळ्या त्याच एका गेमच्या. निंजा एक, आणि त्याची नक्कल करणारे कारखाने पन्नास. एकीत निंजा लाल, एकीत निळा, एकीत त्याच्या डोक्यावर चक्क फेटा. प्रत्येक कॅसेटला ताग्याच्या तुकड्याची शिवलेली पिशवी, पिशवीवर प्रत: फ्रेश, सेकंड, चिंधी. तपासायची रीत ठरलेली. आधी तळहातावर तोलायची, मूळ कंपनीची जड असते. मग लेबलचा वास घ्यायचा. मग कानाशी धरून टिचकी. कॅसेटीत फुंकर मारणाऱ्याला तो घरातून हाकलायचा. "थुका लावून माल खराब करतोस? जा, बाहेर जा." स्वतः सुताच्या टोकाला स्पिरिट लावून पुसायचा. आणि मग डब्यात घालून पहिल्या स्टेजपासून खेळून बघायचा. खेळल्याशिवाय निकाल नाही.

भिवंडीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. शुक्रवारी त्याच्या ओट्यावर लोक यायला लागले, शेलारहून, पार वज्रेश्वरीहून. माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या जुन्या कॅसेटी घेऊन. काय आहे, कितीला जाईल, बघा. तो फुकट बघायचा. एकदा एकानं चकाचक लेबलची कॅसेट आणली, म्हणे दुबईहून मामानं पाठवली. ह्यानं नाकाशी धरली आणि परत दिली. "मामाला सांग, डिंक अजून वालला न्हाय." आणि जी खरी निघायची तिच्या मागच्या बाजूला तो शाईनं बारकं वर्तुळ काढून मध्ये ठिपका ठेवायचा. त्या ठिपक्याची कॅसेट लोक डोळे मिटून घ्यायचे. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

त्याच्या कपाटात सगळ्यात वर, पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेला एक खोका होता. मूळ जपानी कंपनीचा काळा निंजा, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर कारखान्यातलं पारदर्शक सीलबंद वेष्टन जसंच्या तसं. इस्माईलभाईनं लिलावात घेतलेल्या कुठल्याशा कंटेनरच्या तळाशी तो सापडला होता. ह्यानं त्याच्या पोतंभर कॅसेटी निवडून दिल्या, त्या बदल्यात त्यानं हा दिला. काथोडदादा तो सणासुदीला काढायचा, दोन्ही हातांवर घेऊन बघायचा आणि परत ठेवायचा.

"उघडत का नाहीस?" मी विचारलं होतं. "तू तर न उघडता काहीच ठेवत नाहीस."

"ठेवायचा माल झाकायचा. विकायचा माल उघडायचा," तो म्हणाला. "हा काय मना विकायचा न्हाय. घरचा हाय. गिऱ्हाइकाला देताना उघडावाच लागतो, न्हायतर आपण काय देलं ते आपल्याला तरी कसं कलनार?"

मी तेव्हा मान हलवली. त्याच्या शंभर वाक्यांसारखं ते एक वाक्य. ते लक्षात ठेवायला हवं होतं.

मग मंदी आली. लूम वजनावर भंगारात जायला लागले. इस्माईलभाईच्या दारात लूमचे सांगाडे गुरांसारखे उभे असायचे. शेठनं दोन-तीनदा सेकंड माल फ्रेशमध्ये ढकलायला सांगितला, ह्यानं ढकलला नाही, शेठनं गिळून घेतलं. आणि मग एक दिवस एक तागा परत आला. कोपऱ्यावर काथोडचा ठिपका, आणि आत मधोमध अख्ख्या रुंदीचा पाटा, चार बोटं रुंद, तारा विरळ पडलेल्या. आंधळ्यालाही दिसावा असा.

मी तेव्हा गाळ्यात होतो, शेठचा प्रिंटर दुरुस्त करायला गेलेलो. शेठ ओरडला नाही. त्यानं तागा टेबलावर ठेवला आणि बाजूला झाला. काथोडदादानं ट्यूबलाइट लावली, पाटा बघितला. म्हणजे शेठनं बोट ठेवलं तिथं त्यानं बघितलं. मग चष्मा काढून शर्टानं पुसला, परत बघितला. मग बोट फिरवलं, आणि बोटाला तो लागला. डोळ्यांना दिसला नव्हता, बोटाला लागला. त्याचा चेहरा मला तेव्हा कसा दिसला हे सांगायला माझ्याकडे थाप नाही.

"सत्तावीस वर्सांत पैला," तो म्हणाला.

शेठ म्हणाला, "डोळे दाखव काथोडभाई. दिवाळीपर्यंत थांबतो मी. नंतर मला माणूस बघावा लागेल."

ठाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, साधा मोतीबिंदू नाही, दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटत चाललेत. ऑपरेशन लगेच करा, दोन महिने गेले तर माझ्या हातात काही नाही. खर्च ऐकून वहिनीनं गळ्याला हात लावला, पण तिथं नुसते काळे मणी होते. भावांच्या दारात ती एकटी जाऊन आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. चहा करताना एवढंच म्हणाली, "पेढे देले त्यांनी."

तेव्हा मी खोक्याचा विषय काढला. परदेशात लोक असल्या जुन्या गेमांवर जीव टाकतात हे मला कॅफेत बसून माहीत झालं होतं. जमवणाऱ्यांची एक साइट होती, तिच्यावर मी खोक्याचे चारी बाजूंनी फोटो टाकले. तीन दिवसांत पुण्याहून निनाद नावाच्या एका माणसाचा फोन आला. त्यानं सांगितलेला आकडा डॉक्टरच्या आकड्याला पुरून उरत होता. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, फोनवरच.

"फक्त एक," तो म्हणाला, "सील इंटॅक्ट हवं. हात लावू देऊ नका कोणाला."

मी तसाच सायकल मारत नारपोलीला गेलो. आकडा ऐकून वहिनी भिंतीला टेकली. मी सांगितलं, शुक्रवारी दुपारी पार्टी येतेय, आणि सीलला हात लावायचा नाही.

"म्हंजे तो न बगता घेनार?"

"बघणार ना. बाहेरून."

"बाहेरनं?" त्यानं माझ्याकडे बघितलं. आता तो बघायचा तेव्हा नजर जरा बाजूला जायची, माझ्या कानाकडे. "आन् आत वीट निंगाली तर?"

"दादा, त्याला चालतंय. तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस?"

"बरं," तो म्हणाला.

माझ्या कॅफेत कुलपाचं कपाट होतं. खोका त्याच दिवशी उचलून माझ्याकडे आणता आला असता. वहिनी द्यायला तयार होती. पण त्या 'बरं'वर मी विश्वास ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांना बनवणाऱ्या माणसाला एका शब्दात बनवलं गेलं. आणि त्यानं बनवलंही नव्हतं. त्यानं नुसतं ऐकलं असल्याचं सांगितलं होतं.

शुक्रवारी निनादला घेऊन मी पोचलो. तिशीतला, सभ्य, बॅगेत कापसाचे हातमोजे घेऊन आलेला. ओट्यावर चटई, चटईवर पांढरं कापड आणि कापडावर काळा निंजा. खोका एका बाजूला, कॅसेट एका बाजूला, आतलं माहितीपुस्तक एका बाजूला. सगळं ओळीनं मांडलेलं, लग्नातल्या रुखवतासारखं. काथोडदादा इस्त्रीचा शर्ट घालून मागं बसलेला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"या, बसा. सकालपासनं बसलूय. माल एकदम फ्रेश हाय. तीन स्टेज खेळून बगल्या."

"ओपन केलंत?" निनादनं बॅग खाली ठेवली.

"मंग? न बगता देऊ तुमाला? मना जरा कमी दिसतं, म्हनून ही बसली व्हती बाजूला. खड्डा आला का सांगायची, मी उडी मारायचा."

वहिनी दारातून म्हणाली, "आठ येलेला मेला तो काल्या. माझ्यामुलं." आणि हसली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

"एक सांगून ठेवतूय," काथोडदादा पुढं सरकला, "तिसऱ्या स्टेजला एक वीट उलटी हाय. मूल कंपनीच्याच मालात हाय, म्हंजे नकलीवाल्यांचा दोस न्हाय. मागनं बोलायचं न्हाय का सांगितलं न्हाय."

निनाद चटईवर बसला. हातमोजे बॅगेतच राहिले. "काका... अहो, किंमत सीलची होती."

"आन् आतल्या मालाची?"

"आतला माल माझ्याकडे आहे. दोन आहेत."

काथोडदादानं शर्टाच्या खिशातून ते पारदर्शक वेष्टन काढलं. चौपदरी घडी घातलेली, सुरकुती नाही. "हे पायजेल तुमाला? घ्या. फाटलेलं न्हाय. ब्लेडनी जोडावरनं उसवलंय. परत चिकटवून देतो, कलनार बी न्हाय."

"तसं नसतं हो," निनाद म्हणाला. बिचारा रडकुंडीला आला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं कॅसेट हातात घेतली, उलटी केली, आणि तिथं काळ्या शाईत ती खूण. "हे काय आहे?"

"ठिपका," काथोडदादा म्हणाला. "माझा. आता ही कुठंबी घेऊन जा, कोनी उघडनार न्हाय."

मी निनादच्या खांद्यावरून वाकून बघितलं. वर्तुळ होतं. ठिपका होता. पण ठिपका वर्तुळात नव्हता. तांदळाचे दोन दाणे मावतील एवढा बाजूला, मोकळ्या प्लास्टिकवर पडला होता.

निनाद म्हणाला, "चौथा हिस्सा देऊ शकतो मी. त्याहून जास्त नाही जमणार. आणखी थोडं मी कसंही..."

"म्हंजे सेकंडचा भाव."

"तसं म्हणा."

"न्हाय."

वहिनीला आता कळलं होतं. तिनं दाराची चौकट धरली. "अवो, घ्या. देतात ते घ्या. आर्धं तरी व्हईल. एक डोला तरी."

"फ्रेश हाय तो, तारा."

"हाय फ्रेश! पर तुमचे डोले?"

"डोले माझे हायेत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ठिपका माझा एकल्याचा न्हाय. त्याच्यावर लोकांनी न उघडता माल घेतला. एक पाटा सुटला, तेवढा पुरे. आता फ्रेशवर ठिपका मारून सेकंडच्या भावात सोडला तर ज्यांनी पैलं घेतलं ते बी सगले इचारतील."

आता माझी गोष्ट सांगतो, कारण इथपर्यंत ऐकत आलात.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. दादा, ठिपका चुकलाय. वर्तुळाच्या बाहेर पडलाय. तेवढं बोललो असतो तर त्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नियमानं, ती कॅसेट उचलून सेकंडमध्ये टाकली असती. निनादकडून चौथा हिस्सा घेतला असता आणि वर त्याची माफी मागितली असती. एक डोळा कदाचित राहिला असता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्या कानाकडे बघून हसत होता. सकाळपासून कामावर असलेल्या माणसाचं हसू. त्याला वाटत होतं, महिन्यापूर्वी सुटलेला तो पाटा त्यानं आज भरून काढला. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "वहिनी, चहा टाका."

मी हजार थापा मारल्यात. त्यातली कुठलीच मला जड गेली नाही. जड गेलं ते हे, न बोललेलं.

निनाद चहा घेऊन गेला. जाताना ते वेष्टन त्यानं मागून घेतलं, का ते मला कळलं नाही. दिवाळीनंतर शेठनं माणूस बघितला. फुकटच्या शिबिरात ऑपरेशन झालं, पण उशिरा. उजेड आणि अंधार कळायचा, बाकी सगळं पांढरं. "परत सरकायला लागलं," तो एकदा म्हणाला, "आता डोले उघडे ठेवले तरी." मला तेव्हा पाणी प्यायला आत जावं लागलं.

पुढं लोकांच्या फोनमध्ये इंटरनेट आलं आणि माझा कॅफे बंद पडला. शटर उतरवलं, सगळे दहाच्या दहा कम्प्युटर इस्माईलभाईला विकले, आणि गाव सोडायच्या आधी शुक्रवार बघून नारपोलीला गेलो. वहिनी घरातून कटपीस विकायला लागली होती. बायका ओट्यावर तुकडे निवडत होत्या आणि काथोडदादा प्रत्येक तुकडा मांडीवर घेऊन अंगठा आणि बोट फिरवत होता. "हा घे. हा नको, काठाला गाठ हाय. हा घे." बायका निमूट ऐकत होत्या. शाईची बाटली कुठं दिसली नाही.

"कोन, कम्प्युटर?" पावलांवरून ओळखलं त्यानं. "जातोस म्हनं."

"जातोय दादा. कल्याणला. मोठं दुकान टाकतोय."

"केवढं?"

"दहा बाय आठ," मी खरं सांगितलं.

तो हसला. मग वहिनीला हाक मारून त्यानं मलमलीतला खोका मागवला. खोका मांडीवर घेऊन त्यानं कॅसेट बाहेर काढली, तळहातावर तोलली, पालथी केली आणि माझ्यापुढं धरली. शाई बोटाला लागत नाही. ती उमटते पण फुगत नाही, त्यामुळे हात फिरवून त्याला काही कळणार नव्हतं.

"एक बग," तो म्हणाला. "त्या दिसापासनं इचारायचं हाय. ह्या बायका काय, हिला काय, कोनाला त्यातलं कलत न्हाय. ठिपका मधोमध हाय ना?"

ओट्यावर दुपारचं ऊन होतं. ठिपका होता तिथंच होता, वर्तुळापासून दोन दाणे लांब, ठळक, काळा.

"मधोमध आहे," मी म्हणालो. "एकदम मधोमध."

कॅसेट मांडीवर ठेवून त्यानं हात पुढं केला, माझं मनगट शोधलं, आणि माझ्या शर्टाचा कफ अंगठा आणि बोटात धरला. कापड तपासायचा तसा. हळूहळू, पुढं मागं, शिवणीपर्यंत. बायका निवडायच्या थांबल्या. गाळ्यातल्या त्या टेबलाभोवती असायची तसली शांतता ओट्यावर पसरली. मी लूमवरून नुकता उतरलेला तागा असल्यासारखा उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यानं कफ सोडला.

"बरं," तो म्हणाला, आणि पुढचा तुकडा मांडीवर घेतला.